नववी खेळाडू

अंपायरने तिसऱ्यांदा मोजलं आणि तिसऱ्यांदाही आम्ही आठच भरलो.

"नऊ लागतात," तो म्हणाला. बाहेरच्या जिल्ह्यातून आलेला सरळ माणूस होता, आमच्याकडच्या भानगडी त्याला ठाऊक नव्हत्या. "साडेनऊपर्यंत थांबतो. तोवर नववी उभी राहिली नाही तर मला सामना समोरच्यांना द्यावा लागेल."

आमचे कोच नाना बऱ्हाटे सर हातातली यादी उलटसुलट करत राहिले. नववी खेळाडू रेखा, तिला बापाने सकाळी घरातून सोडलंच नव्हतं. त्याला आदल्या दिवशी कोणीतरी भेटून गेलं होतं.

समोरच्या मांडवात ज्ञानोदय संघाच्या मुली लाल शर्ट घालून बसल्या होत्या. त्यातल्या चौघी आठ दिवसांपूर्वीपर्यंत आमच्याच होत्या. मीनाक्षी भोळे आमच्याकडे बघायचं टाळत बुटाची नाडी बांधत होती. चौथ्यांदा तीच नाडी. हंगामाच्या मध्ये संघ बदलता येत नाही, असा लीगचा नियम होता; तो अध्यक्षांनी मागच्या मंगळवारी बदलला. सामना सोडणाऱ्या संघाची नोंदणी कायमची रद्द, हा नियम मात्र त्यांनी तसाच ठेवला होता.

मी, कोकिळा सपकाळे, आमच्या संघाची पिचर. म्हणजे चेंडू फेकणारी. वय बावीस. सगळ्यांसारखी मीही खांदे पाडून उभी होते, पण खरं सांगायचं तर आतून मला सुटल्यासारखं वाटलं होतं. सामना झालाच नाही, तर मला काही करावं लागणार नव्हतं.

काय करावं लागणार होतं ते सांगते, पण त्याआधी यमुनाकाकूंबद्दल सांगायला हवं.

यमुनाबाई झोपे आमच्या संघाच्या मालकीणबाई. चिंचखेड्यात आणि आसपासच्या दहा गावांत त्यांना सगळे काकूच म्हणत. नवरा वारला तेव्हा त्या चौतीस वर्षांच्या होत्या. दीर म्हणाले, धंदा आम्ही बघतो, तुम्ही घर बघा. काकूंनी घर जावांवर सोपवलं आणि धंदा स्वतः बघितला. त्यांचे केळीचे ट्रक दिल्लीपर्यंत जायचे. डोक्यावरचा पदर ढळू न देता त्या ड्रायव्हरांशी आणि दलालांशी हिंदीत बोलायच्या. हिंदी मोडकी होती, पण समोरचा माणूस नीट ऐकायचा.

बेसबॉलशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. नाना सर तेव्हा ज्ञानोदय शाळेत खेळाचे शिक्षक होते. कुठल्याशा शिबिरात ते हा खेळ शिकून आले आणि त्यांनी तो मुलींना शिकवायला घेतला. महिन्याभरात संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब खाचणे यांनी मुलींना मैदान बंद केलं. वयात आलेल्या पोरींनी बॅटा घेऊन गावासमोर धावणं बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. नाना सर ही हकिकत काकूंच्या ओट्यावर त्यांच्या दिराला सांगत होते. काकू आत कैऱ्या चिरत होत्या. त्या हात पुसत बाहेर आल्या आणि त्यांनी एवढंच विचारलं, की जागा किती लागते. सर म्हणाले, तीनेक एकर.

त्याच आठवड्यात काकूंनी गावालगतची तीन एकर केळी कापायला लावली. बाग निसवायला आली होती, महिन्याभरात घड बाहेर पडले असते. मजूर कोयता उचलेनात. माझा बाप त्यांच्यात होता. तो सांगायचा, शेवटी काकूंनी स्वतः पहिलं झाड आडवं केलं, तेव्हा कुठे बाकीच्यांचे हात चालले. सोळाव्या वर्षी मी चेंडू फेकायला शिकले ते त्या मैदानावर.

मालकीण म्हणून काकू विचित्रच होत्या. होमप्लेटच्या, म्हणजे बॅट घेऊन उभं राहायच्या जागेच्या मागे केळीचा क्रेट उलटा टाकून बसायच्या. जिंकलो तरी टाळी वाजवायच्या नाहीत, हरलो तरी रागवायच्या नाहीत. एकदा अंपायरने आमच्या हेमलताला बाद दिलं. ती बाद नव्हती. काकू उठल्या, मैदानात गेल्या, धावत गाठायच्या बेसपाशी उकिडव्या बसल्या आणि हेमलताच्या बुटाचा ठसा बोटाने दाखवत तिथेच बसून राहिल्या. अंपायरने निर्णय बदलला नाही. काकूही वीस मिनिटं उठल्या नाहीत. त्या दिवशी आम्ही हरलो, पण पुढे कुठलाही अंपायर आमच्या मुलीला बाद देताना एकदा क्रेटकडे बघून घ्यायचा.

पाच-सहा वर्षांत खेळ वाढला. लीग सुरू झाली, पेपरात फोटो येऊ लागले. तेव्हा दादासाहेबांना हा खेळ एकाएकी आवडू लागला. त्यांनी ज्ञानोदयचा संघ काढला, लीगचे अध्यक्षही झाले, आणि काकूंना निरोप पाठवला की तुमचा संघ आणि मैदान आमच्या संस्थेत विलीन करा. काकू नाही म्हणाल्या. मग ते स्वतः आले. काकूंनी चहा दिला आणि नाही म्हणाल्या. तिसऱ्या वेळी त्यांनी चहाही दिला नाही.

त्यानंतर आमच्या मुलींना पत्रं येऊ लागली. संस्थेच्या शाळांमध्ये खेळशिक्षिकेची जागा, कायम नोकरी. एकेक करत चौघी गेल्या. त्यांना मी नावं ठेवू शकत नव्हते. आमच्या घरांतून कायम नोकरी आजवर कोणाला लागली होती?

शुक्रवारी पत्र मला आलं.

संस्थेचे हेडक्लार्क देवकर स्वतः घेऊन आले होते. माझा बाप दोन वर्षांपासून खाटेवर होता. केळीचे घड वाहून वाहून त्याच्या कण्याची गादी सरकली होती. देवकरांनी त्याच्यासमोर पत्र वाचून दाखवलं. सोमवारी दहा वाजता रुजू व्हायचं. सही, शिक्का, सगळं होतं. बापाने ते पत्र हातात घेऊन शिक्क्यावरून अंगठा फिरवला.

निघताना देवकरांनी मला अंगणात बोलावलं. म्हणाले, अजून तुमच्या नऊजणी उरल्या आहेत. तू रविवारी खेळायला जा, कोणाला संशय नको. तिसऱ्या डावात खांदा धरायचा, दुखतो म्हणून बाहेर यायचं. बाकीचं आम्ही बघतो. मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. ते मान हलवून गेले.

त्यामुळे रविवारी सकाळी रेखा आली नाही आणि आम्ही आठच उरलो, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. आता मला खोटं बोलायची गरज नव्हती. संघ माझ्यामुळे बुडणार नव्हता. तो आपोआप बुडत होता.

नऊ वाजून वीस मिनिटांनी काकू क्रेटवरून उठल्या.

"सर, यादीतलं अठरावं नाव वाचा," त्या म्हणाल्या.

नाना सरांनी यादी डोळ्यांजवळ नेली. मग काकूंकडे बघितलं. नोंदणीच्या फॉर्मवर खेळाडूंसाठी अठरा ओळी असायच्या आणि आमच्या मुली कधी एवढ्या भरायच्या नाहीत. दरवर्षी काकू शेवटच्या ओळीवर स्वतःचं नाव घालायला लावायच्या. कागदावर शेवटची ओळ मोकळी सोडायची नाही, ही त्यांची धंद्यातली सवय. आम्ही त्यावरून हसायचो.

"यमुना एकनाथ झोपे," सरांनी हळू आवाजात वाचलं.

अंपायरला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्याने खिशातून नियमांचं पुस्तक काढलं आणि बराच वेळ पानं चाळली. कमीत कमी वय किती ते लिहिलेलं होतं. जास्तीत जास्त किती, ते कोणाला सुचलंच नव्हतं. कुंपणाशी उभे असलेले देवकर तेवढ्यात पुढे झाले आणि म्हणाले, की गणवेश सक्तीचा आहे, साडी नेसून खेळता येणार नाही.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हेमलताने ज्ञानोदयला जाताना परत केलेला गणवेश सरांच्या पिशवीत होता. तो उचलून त्या चुन्याची पोती ठेवायच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

चोपन्न वर्षांची बाई. त्यांच्या डोक्यावरचा पदर आम्ही कधी खाली आलेला बघितला नव्हता. मैदानाभोवती हजारभर माणूस होतं, त्यात त्यांच्या भावकीतले निम्मे.

दार उघडलं. निळी पँट, घोट्याशी तीनदा दुमडलेली. पांढरा शर्ट. डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल आणि त्यावर टोपी. चष्म्याला मागून दोरा. पायात कुणाचे तरी कॅनव्हासचे बूट. त्या सरळ चालत आल्या आणि अंपायरसमोर उभ्या राहिल्या.

"आता मोजा," त्या म्हणाल्या.

मैदानात हशा उसळला. कोणीतरी ओरडलं, झोपेबाई, घरी जाऊन झोपा आता. त्या गर्दीतून त्यांचे दीर पंढरीनाथभाऊ वाट काढत आले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"वहिनी, गाडीत बसा," ते दातओठ आवळून म्हणाले. "सगळं गाव बघू राहिलं. घराण्याचं काय ठेवलं तुम्ही?"

"भाऊजी, नियमात बायाच लागतात," काकू शांतपणे म्हणाल्या. "नहीतर तुम्हालेच उभं केलं असतं. सरका, उशीर होऊ राहिला."

अंपायरने नऊ मोजले.

म्हणजे सामना ठरला. आता तिसरा डाव येणार होता.

नाना सरांनी काकूंना राइट फील्डला लावलं, म्हणजे उजव्या हाताला पार मागे. तिकडे चेंडू क्वचित जातो. पहिल्या दोन डावांत एकही गेला नाही. काकू गुडघ्यांवर हात टेकून, सरांनी दाखवलं तशा, वाकून उभ्या राहिल्या. बाकीच्या मुली मधूनमधून सरळ होत. काकू झाल्या नाहीत.

बॅटिंगला त्या सगळ्यांत शेवटी आल्या. सरांनी बजावलं होतं, बॅट खांद्यावर ठेवायची, फिरवायची नाही. समोरून चेंडू फेकायला मीनाक्षी. तिने पहिला चेंडू असा टाकला की लहान मूलही मारू शकलं असतं. काकूंनी हात वर करून खेळ थांबवला.

"मीनाक्षी, बाकीच्यांना टाकते तशी टाक मले," त्या म्हणाल्या. "मी आज मालकीण नही. नववी हाये."

मीनाक्षीचे डोळे भरून आले असावेत, कारण तिने टोपी खाली ओढली. पुढचे चेंडू तिने जोरात टाकले. काकू बाद झाल्या, बॅट नीट ठेवली आणि परत आपल्या जागी निघाल्या.

तिसरा डाव सुरू झाला. पहिल्या बेसवर त्यांची एक मुलगी पोचली होती. मी चेंडू हातात घेऊन उभी होते. कुंपणाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. देवकर तिथेच होते. त्यांनी डाव्या हाताने स्वतःचा उजवा खांदा सावकाश चोळला.

मला बापाचा अंगठा आठवला, शिक्क्यावरून फिरणारा.

मी खांदा धरला.

हे मी स्वतःच्या तोंडून आजवर फार थोड्या लोकांना सांगितलं आहे. मी खरोखर खांदा धरला, चेहरा वाकडा केला आणि खाली वाकले. सर धावत आले. काय झालं, कुठे दुखतं, विचारू लागले. एवढ्यात मी पाहिलं की काकू येत आहेत. राइट फील्डपासून माझ्यापर्यंत येणं म्हणजे बरंच अंतर. सगळं मैदान बघत होतं आणि त्या आपल्या चालीने, न धावता येत होत्या. पोचल्यावर त्यांनी सरांना म्हटलं, तुम्ही जरा पाणी आणा. सर गेले.

"दुखतो?" त्यांनी विचारलं.

मी खांदा आणखी घट्ट धरला.

"पत्र आलं नं तुले?"

मी वर बघितलं.

"चौघींना आलं अन् पिचरले येणार नही, एवढी मी खुळी नही." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, ट्रक किती वाजता निघाला विचारावा तसा. "मले राग नही, कोकिळा. बाप खाटेवर हाये तुझा. जायचं तर जा. पण खांदा दुखतो म्हणू नको. हात खाली सोड, 'मी जाते' म्हण, अन् सगळ्यांसमोर चालत जा. खोटं कारण देऊन गेली तर तिथंबी रोज मान खाली घालून बसशील."

"आणि तुम्ही?"

"मी उभी राहीन माझ्या जागेवर. अंपायर हाकलेपर्यंत."

माझ्या उत्तरासाठी त्या थांबल्या नाहीत. वळल्या आणि परत चालू लागल्या. अर्ध्या वाटेत त्यांच्या पँटची एक दुमड सुटली आणि पायात घोळू लागली. त्यांनी खाली बसून ती पुन्हा दुमडली, उठल्या, पुढे गेल्या. त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

अंपायर माझ्याजवळ आला. खांदा बरा आहे का, की बाहेर जायचंय, असं त्याने विचारलं.

मी हात खाली सोडला.

"खांद्याला काही झालेलं नाही," मी म्हणाले. मुद्दाम मोठ्याने म्हणाले, कुंपणापर्यंत पोचेल असं.

त्यानंतरचा चेंडू मी आयुष्यात टाकलेल्या सगळ्यांत वेगवान चेंडूंपैकी असेल. समोरच्या मुलीने बॅट हलवली तेव्हा तो मागे झेलायला बसलेल्या कॅचरच्या हातात पोचला होता. पुन्हा कुंपणाकडे बघितलं तेव्हा देवकर तिथे नव्हते.

पाचव्या डावात चेंडू राइट फील्डला गेला. त्यांच्या मुलींनी तिकडेच मारायचं ठरवलं होतं, आणि त्यात चूक काहीच नव्हती. चेंडू जमिनीवर टप्पा घेऊन उसळला. काकूंनी ग्लव्हज घातलेला डावा हात पुढे न करता, सवयीने उजवा केला. चेंडू उघड्या बोटांवर बसला. तो आवाज मला पिचरच्या जागेवर ऐकू आला. तरी त्यांनी ग्लव्हज झटकून टाकला, चेंडू उचलला आणि डाव्या हाताने कसाबसा आत फेकला. तोवर त्यांच्या दोन धावा झाल्या होत्या.

आम्ही धावत गेलो. अनामिका वाकडी झाली होती आणि बघता बघता सुजत होती. अंपायर म्हणाला, बाई, तुम्ही बाहेर जा, डॉक्टरांना दाखवा.

"मी गेले तर किती राहतात?" काकूंनी विचारलं.

"आठ."

"मग नही जात."

पंढरीनाथभाऊ पुन्हा आले होते. त्यांनी खिशातला रुमाल काढला, दातांनी मधून फाडला आणि वहिनीचं मोडकं बोट शेजारच्या बोटाला बांधून दिलं. मग ते कुंपणाबाहेर न जाता काकूंच्या क्रेटवर जाऊन बसले.

सातवा डाव, शेवटचा. ते सहा, आम्ही पाच. आमच्या दोघी बाद झालेल्या, तिन्ही बेसवर तिघी उभ्या. त्यातली तिसऱ्या बेसवर मी. आणि बॅटिंगला काकू.

नाना सर घसा फोडून सांगत होते, फिरवू नका, काकू, फिरवू नका. कारण मीनाक्षी थकली होती. तिचे चेंडू बाहेर जात होते. चार बाहेर गेले की खेळणारीला फुकटात पहिला बेस मिळतो, म्हणजे सगळ्या एकेक बेस पुढे सरकून मी आत आले असते आणि बरोबरी झाली असती. पण बाहेरच्या चेंडूवर बॅट फिरवून चुकली तर तोही आतला धरतात, आणि तीन आतले म्हणजे बाद. काकू बॅट खांद्यावर ठेवून उभ्या राहिल्या. बांधलेली दोन बोटं बॅटवरून वर उभी राहिली होती. तीन चेंडू बाहेर गेले, दोन आत आले. आता एकच उरला.

मीनाक्षीने चेंडू टाकला. तिसऱ्या बेसवरून मला स्पष्ट दिसलं, की तो बाहेर चालला आहे.

काकूंनी बॅट फिरवली.

अंगातलं सगळं बळ लावून फिरवली, इतकी की स्वतःभोवती अर्ध्या वळल्या आणि टोपी खाली पडली. चेंडू वीतभर दूर होता. अंपायरने हात वर केला. आम्ही हरलो.

नाना सर डोक्याला हात लावून मातीतच बसले. काकू जोरजोराने श्वास घेत होत्या. सरांनी विचारलं, काकू, काहून फिरवली?

"सात डाव नुसती उभी राहू राहिले, सर," त्या म्हणाल्या. "एकदा तरी फिरवू नको का?"

आणि त्या हसल्या. सहा वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं. मग अंपायरकडे जाऊन त्यांनी निकालाचा कागद मागितला. सामना पूर्ण खेळला गेला, असं त्यावर लिहिलं होतं. ते त्यांनी दोनदा वाचलं. आमची नोंदणी आता कोणी रद्द करू शकत नव्हतं.

संध्याकाळी डॉक्टरांकडून परतताना त्या आमच्या घरी आल्या. हाताला प्लास्टर होतं. बापाच्या खाटेजवळ बसून त्यांनी ते पत्र मागितलं आणि शेवटपर्यंत वाचलं.

"यात तिसऱ्या डावाचं कुठी लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, ते लिहिलेलं नाही, तोंडी सांगितलं होतं.

"मग उद्या दहाले रुजू व्हायचं. मी येते."

सोमवारी दहाला आम्ही दोघी संस्थेच्या कार्यालयात गेलो. देवकरांनी मला बघितलं आणि ते चक्क आतल्या खोलीत निघून गेले. बाहेर येऊन म्हणाले, अशी काही जागा नाही. काकूंनी पत्र टेबलावर ठेवलं. म्हणाल्या, जागा नही असं या पत्राखाली लिहून द्या, सही करा, आम्ही जातो. देवकर लिहीनात. आम्ही बाकावर बसलो. पाच वाजता कार्यालय बंद झालं, तेव्हा उठलो.

मंगळवारी पुन्हा दहाला गेलो. बुधवारीही. बुधवारी दुपारी मीनाक्षी शिक्षकांच्या खोलीतून पाठीची खुर्ची घेऊन आली, काकूंसाठी बाकाशेजारी ठेवली आणि गेली. शाळेत येणारे पालक थांबून काकूंच्या हाताची चौकशी करायचे आणि काकू प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगायच्या. पत्राचं, खांद्याचं, बाकाचं. आवाज मुळीच चढवायच्या नाहीत.

गुरुवारी दादासाहेब स्वतः बाहेर आले.

"बाई, तुम्हाला नेमकं पाहिजे तरी काय?" ते म्हणाले.

"मले काही नको. हिले हजेरीबुक पाहिजे."

कार्यालयात सात-आठ माणसं होती, सगळी बघत होती. दादासाहेबांनी देवकरांना खूण केली. मी सही केली, तेव्हा 'सपकाळे'तला 'ळ' रेघेबाहेर गेला. त्या शाळेत मी सत्तावीस वर्षं खेळ शिकवला.

परतताना जीपमध्ये मी काकूंना विचारलं. माझं पत्र त्यांना आधीच कळलं होतं. मी मध्येच सोडून जाणार, हेही त्यांनी ताडलं होतं. तरी लोकांचं हसू सोसून त्या पँट घालून का उभ्या राहिल्या? मी गेले असते तर सगळं वायाच गेलं असतं.

काकूंनी प्लास्टरचा हात मांडीवर नीट ठेवला.

"मी उभी राहिले नसते तर साडेनऊले सगळे घरी गेले असते," त्या म्हणाल्या. "पोरी जमल्या नही म्हणून संघ बुडाला, एवढंच गावाले कळलं असतं. मी उभी होते, म्हणून तुले सगळ्यांसमोर ठरवावं लागलं. एकटीनं अंगणात ठरवलेलं वेगळं अन् हजार माणसांत ठरवलेलं वेगळं."

"पण मी गेले असते तर?"

"तर मी तुले जाताना बघितलं असतं. त्याची तयारी होती मह्या मनाची."



त्या हंगामाचे आणखी तीन सामने बाकी होते, आणि ते मी आमच्याच संघाकडून खेळले. रेखाच्या बापाने तिला शेवटपर्यंत पाठवलं नाही, आणि नवीन मुली यादीत घ्यायला मुदत उरली नव्हती. काकू तिन्ही सामने खेळल्या, हाताला प्लास्टर बांधून. पहिल्याला लोक हसायला आले. दुसऱ्याला कमी हसले. तिसऱ्याला पंढरीनाथभाऊ घरातल्या सगळ्या बायकांना ट्रकमध्ये बसवून घेऊन आले. डोक्यावर पदर घेऊन त्या कुंपणाला लागून रांगेत उभ्या राहिल्या आणि काकू बॅट घेऊन आल्या की एकदम बोलायच्या थांबायच्या.

काकूंची बॅट एकदाही चेंडूला लागली नाही. पण एकही चेंडू त्यांनी न फिरवता सोडला नाही.